टाकीत 'हो' चालत नाही

बायको गेल्यावर मी शेडला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या मसाल्याच्या डब्यात टाकली. आठ महिने ती तिथंच होती, जिऱ्याच्या वाटीत. शेड म्हणजे बोगादीत माझ्या घराच्या पुढच्या अंगाला असलेली पत्र्याची खोली. चाळीस वर्षं मी तिथं पाण्याच्या मोटरी वाइंड केल्या. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी तार उपटायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. एवढंच मला येतं. शाळा सातवीपर्यंत, तीही कन्नड. मराठी आम्ही घरात बोलायचो, पण लिहायला मला बायकोनं शिकवलं. ती निपाणीची होती. इथं काही चुकलं असेल तर ते माझं, तिचं नाही.

तर आठ महिन्यांनी दोन बायका शेड भाड्यानं मागायला आल्या. एक उंच, चष्मेवाली, नाशिककडची. लग्न करून इकडं आलेली, हेब्बाळला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. दुसरी बुटकी, इथलीच, आमच्यासारख्या जुन्या मराठी घरातली. तिचं अर्धं वाक्य मराठीत तर अर्धं कन्नडमध्ये. दोघी चाळिशीच्या आसपास. मला वाटलं पापड-लोणच्याचं काहीतरी असणार.

"आधीच सांगते काका," उंच म्हणाली, "आम्ही दोघी डिव्होर्सी आहोत. मागच्या दोन घरमालकांनी ते कळल्यावर नाही म्हटलं. तुम्हालाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मग चहा नको."

"चहा मी विचारलाच नाही," मी म्हणालो. "नवरे मारायचे का?"

बुटकी हसली. "अय्यो, माझा तर झुरळाला भ्यायचा."

"मग सोडलं का?"

"शेड दिलीत तर सांगीन. नाही देणार तर सुम्मने, उगाच कशाला सांगू?"

धंदा कसला म्हणून विचारलं तर म्हणाल्या टाक्या धुणार. गच्चीवरच्या टाक्या आणि जमिनीतले संप. आमच्याकडं प्रत्येक घरापुढं जमिनीखाली पाण्याचा हौद असतो, त्याला संप म्हणतात. वर दीड-दोन फुटांचं झाकण, आत पुरुषभर खोल अंधार. तो धुवायला एखादा गडी येतो, पायाच्या मातीसकट आत उतरतो आणि तंबाखू-चुना चघळत वर येतो. बाई संपात उतरलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"आत कोण उतरणार?"

"मी," बुटकी म्हणाली. "ही उतरली तर हिचे खांदे झाकणात अडकतील. मग झाकण म्हणून हिलाच ठेवावी लागेल."

मी मसाल्याच्या डब्यातून किल्ली काढून दिली. दया वगैरे काही नाही. मला बघायचं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी बघावंसं वाटलं होतं, म्हणून दिली.

दोघींची ओळख कोर्टातली. तारखेला तारीख पडायची आणि दोघी एकाच बाकावर बसायच्या. दोघींचे वकील उशिरा यायचे. पहिल्या दिवशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या तारखेला उंचनं विचारलं की डब्यात काय आणलंय. बाकड्यावरच मैत्री झाली. निकाल आधी बुटकीचा लागला, तरी उंचच्या तारखांना ती येऊन बसायची. त्याच दिवसांत बुटकीच्या आईकडं संप धुवायला गडी आला नाही, म्हणून ही साडी खोचून स्वतःच उतरली. "काका, आत अर्धा तास मला कुणी काही विचारलं नाही," ती मला म्हणाली. "आता पुढं काय करणार, कुठं राहणार, काही नाही. वर आले तर टाकी चकचकीत. इतक्या वर्षांत माझं कुठलंही काम इतकं पुरं झालं नव्हतं." ती शाळेत कारकून होती. दोघींनी नोकऱ्या सोडल्या आणि जुनी मालाची गाडी घेतली. गाडी उंच चालवायची.

महिन्याभरात त्यांचा पंप जळला. मी म्हटलं दुसरीकडं न्या, मी काम सोडलंय. "बरं," म्हणून बुटकीनं तो माझ्या दारातच ठेवला आणि गेली. तीन दिवस मी त्याला ओलांडून ये-जा केली. चौथ्या दिवशी उघडला. कुणी अडाण्यानं भरलेली तार होती, बघवेना. मग मी तो नीट केला, आणि नीट चालतो का बघायला त्यांच्या गाडीत बसून गेलो. त्यानंतर जातच राहिलो.

त्यांची पद्धत मला आवडली. आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाला झाकण उघडं ठेवायला सांगायचं. सकाळी पाणी उपसायचं. मग डब्यात पेटती पणती ठेवून दोरीनं तळापर्यंत सोडायची. पणती विझली तर उतरायचं नाही. मग बुटकी पांढरे बूट घालून उतरणार, खांद्या-कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर उंचच्या हातात. इथवर कुणाही शहाण्या माणसाला सुचेल. नवल होतं ते पुढचं. बुटकी आत गेली की या दोघी बोलायला लागायच्या आणि ती वर येईपर्यंत थांबायच्या नाहीत.

मला वाटलं, नवऱ्यांविषयी बोलत असतील. मी तोंडाजवळ स्टूल नेऊन बसलो. कान मी कधी बंद करत नाही.

"तुझ्या चौथीच्या वर्गाला खिडक्या किती होत्या?" उंच वरून विचारते.

आतून ब्रशचा आवाज, मग उत्तर. "तीन. थांब, चार. एक फळ्यामागं होती, फुटकी."

"मांजर पाळलंस तर कुठल्या भाजीचं नाव ठेवशील?"

"पडवळ. शेपटीमुळं."

"चंद्रावर घर बांधलंस तर देव्हारा कुठल्या दिशेला?"

"आधी मला सांग, चंद्रावर पूर्व कुठं असते? कोर्टात तारीख घे आणि विचारून ये."

गाडीत मी विचारलं, हा काय पोरखेळ आहे? उंच म्हणाली, "काका, आत हवा कमी झाली की माणसाला स्वतःला कळत नाही. आधी डोकं मंदावतं. 'बरी आहेस का' विचारलं तर अर्धवट शुद्धीतला माणूसही हो म्हणतो, सवयीनं. म्हणून आमचा नियम आहे. टाकीत 'हो' चालत नाही. 'ठाऊक नाही' पण नाही. असा प्रश्न विचारायचा की डोकं वापरल्याशिवाय उत्तर येणार नाही."

"हे कुठं शिकलात?"

"घरी," बुटकी म्हणाली. "चौदा वर्षं मी 'बरी आहेस ना'ला 'हो' म्हणत होते. तो बिचारा खरंच समजायचा."

शेड दिली की सांगते म्हणाली होती ते हेच असावं. मी पुन्हा विचारलं नाही.

मग माझी सकाळ प्रश्न तयार करण्यात जाऊ लागली. दूध तापवताना मी विचार करायचो की आज काय विचारावं. बन्नूरला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडं गेलो तेव्हा मी पहिल्यांदा प्रश्न टाकला: "तुझ्या आज्जीच्या कुठल्या बोटाला नख नव्हतं?" आतून ब्रश थांबला. "तुम्हाला कसं ठाऊक काका? डाव्या हाताची करंगळी." मला काहीच ठाऊक नव्हतं, मी आपला अंधारात खडा टाकला होता. त्या संपात बेडूक निघाले, सात. बुटकीनं एकेक बादलीतून वर पाठवला आणि उंच प्रत्येक बेडकाला नमस्कार करून भाताच्या खाचरात सोडून आली. टाकी धुऊन झाली की पाण्याची पूजा करायची पद्धत आहे. झाकणाच्या कडेला हळद-कुंकू लावतात आणि मग कामाच्या बाईलाही लावतात. व्यापाऱ्याची आई कुंकवाचं बोट पुढं करून थांबली, गळ्यात मंगळसूत्र शोधायला लागली. बुटकीनं सरळ कपाळ पुढं केलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "लावा आज्जी, टाकी मीच धुतलीय." म्हातारीनं लावलं. थोडं जास्तच लावलं.

आता भांडणाचं सांगतो.

हेब्बाळच्या बाजूला चार मजली इमारत आहे. तिचं बोलावणं आलं. तोवर त्यांनी एकेकट्या घरांची कामं केली होती. हा तळघरातल्या पार्किंगमधला मोठा संप, तीन कप्प्यांचा. हे काम नीट झालं असतं तर आजूबाजूच्या इमारती मिळाल्या असत्या. फक्त एक होतं. त्याच इमारतीत उंच सहा वर्षं संसार करून निघाली होती आणि तिचा नवरा अजून तिथंच तिसऱ्या मजल्यावर राहत होता.

शेडमध्ये दोघी पाइप गुंडाळत होत्या. मी चहा गाळत होतो.

"तुला टाकी धुवायची नाहीये," बुटकी म्हणाली. "तुला त्याला दाखवायचंय."

"दाखवलं तर काय बिघडलं?"

"काम करताना तुझं लक्ष लिफ्टकडं असणार. आणि दोर तुझ्या हातात. बेड, नको बाई, हे काम नकोच."

"तू मला शिकवू नकोस. सासरच्या गल्लीतून अजून स्कूटर नेत नाहीस तू. लांबून वळसा घालतेस."

चहा दोघींनी प्यायला नाही. दोन दिवस कामाशिवाय शब्द नाही. मी म्हटलं, भांडण मिटवा आणि मग जा. दोघी म्हणाल्या, आमचं भांडण नाही. त्याही वेळी दोघींचं एकमत.

त्या दिवशी पहिले दोन कप्पे झाले. प्रश्न नव्हते. उंच विचारायची, "बरी आहेस?" आतून, "हो." परत थोड्या वेळानं, "बरी?" "हो." मला ते खटकत होतं, पण मी म्हटलं, बायकांच्या मध्ये कशाला पडा. तिसऱ्या कप्प्याच्या वेळी पणती सोडली, छान जळाली, बुटकी उतरली आणि करंट गेला. तळात गाळ होता, तो उपसायचा तर पंप बंद. चौकीदारानं इमारतीचा पेट्रोलवरचा पंप आणून दिला. त्याचा पाइप आखूड होता, म्हणून मी तो तोंडापाशीच मांडला, दोरी ओढून सुरू केला आणि जरा ऐटीत उभा राहिलो. माझी सारी विद्या करंटवरच्या मोटरची. पेट्रोलचं इंजिन धूर सोडतं आणि तळघरात त्या धुराला जायला जागा नसते, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? नको होतं. पण सुचलं नाही. पणती इंजिनाच्या आधी सोडली होती, ती कशी सांगणार.

"बरी?"

"हो."

इंजिनाच्या आवाजात मला ते 'हो' ऐकू आलं, मग दुसरं आलं. अगदी एकाच सुरातलं. ब्रशचा आवाज मात्र येत नव्हता. मी वाकलो आणि ओरडून विचारलं, "ए, रात्री जेवायला रसम की सांबार?"

"हो," आतून आलं.

उंचनं माझ्याकडं बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. मी इंजिन बंद केलं, आणि तिनं, मी, चौकीदारानं मिळून दोर ओढला. तोंडाशी बुटकीचा खांदा घासला, कातडं निघालं, तिला कळलं नाही. पार्किंगच्या उतारावर उघड्या हवेत नेऊन निजवली तेव्हा ती ओकली. उंचनं गाडी काढली. लिफ्टकडं कोण उभं होतं, कोण नव्हतं, तिनं पाहिलं नाही.

दवाखान्यात नळी लावली. डॉक्टर म्हणाला, इंजिनाचा धूर अंगात गेलाय, वाचली.

बाहेर बाकावर उंच बसली होती. "मी बरी-बरी विचारत होते काका. ते विचारणं नव्हतंच."

"इंजिन मी लावलं," मी म्हणालो.

मग मी तिला ते सांगितलं जे कुणाला सांगितलेलं नाही. माझी बायको दिवसभर बोलायची. मी शेडमध्ये, ती स्वयंपाकघरात, मध्ये एक उघडं दार. वेढे मोजताना मध्येच बोललं की मोजणी चुकते, परत पहिल्यापासून. मी किती वेळा तिच्यावर चिडलो असेन. मग मी 'हूं' म्हणायला शिकलो. 'हूं' म्हटलं की मोजणी चुकत नाही. त्या दिवशी ती काहीतरी बोलली, मी हूं म्हटलं, आणि मग बराच वेळ आवाज नाही. मला बरं वाटलं. आख्खी मोटर एकदाही न चुकता भरून झाली. हात धुऊन चहाला आत गेलो तर ती शेगडीपाशी खाली. डॉक्टर म्हणाला, लवकर आला असतात तरी उपयोग नव्हता. तो चांगला माणूस आहे, म्हणून तसं म्हणाला असेल.

उंचनं ऐकून घेतलं. तुमची चूक नाही वगैरे म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिला मानतो.

त्यानंतर नऊ दिवस शेड बंद. बुटकी घरी आली होती, हिंडू-फिरू लागली होती, पण धंद्याचं नाव कुणी काढेना. उंच एकटी एकदा गाडी पुसून गेली. पुसायची गरज नव्हती. तिसरा कप्पा अर्धा धुतलेला, आणि इमारतवाले दुसरा माणूस बघायला लागले होते. मला सारखं वाटायचं, आता किल्ली परत येणार. पुन्हा ती जिऱ्याच्या वाटीत.

म्हणून मी एक जुनी दांडगी मोटर काढली आणि भरायला घेतली. पाइप एवढा लांब जोडला की मोटर वर रस्त्यावर आणि तोंड तळघरात. शेडच्या भिंतीवर रंगानं लिहिलं, 'करंट नाही तर काम नाही'. आणि बुटकीच्या आईच्या घरी गेलो. ती चिंच सोलत बसली होती, खांद्याला पट्टी.

"उतरणार आहेस की नाही? नसशील तर शेड रिकामी करा."

"ही धमकी आहे की विनंती, काका?"

"मला दोन्ही एकाच आवाजात येतं."

तिनं चार-दोन चिंचा सोलल्या. "मला वाटतं तिला वाटतंय, चूक तिची. अय्यो, हो-हो तर मीच करत होते. मलाच तिच्याशी बोलायचं नव्हतं."

"हे तिला सांग. मी टपालवाला नाही."

काय सांगितलं ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दारात होती आणि दोघी पुढच्या सीटवर भांडत होत्या, मोठ्यानं, पाइप कुणी उलटा गुंडाळला यावरून. मी मागं बसलो.

हेब्बाळच्या त्याच तळघरात पणती सोडली. पंखा लावला. मोटर वर रस्त्यावर घुमत होती, आवाज मला इथवर ओळखू येत होता, कुठं खरखर नाही. बुटकी उतरली. प्रश्न सुरू झाले. मध्येच वरून एक कार उतारावर आली, काच अर्धी खाली झाली, आतला माणूस थोडा वेळ बघत राहिला. चौकीदारानं मला कोपर मारून खूण केली, हेच ते, तिसऱ्या मजल्यावरचे. उंचची पाठ त्याच्याकडं होती. ती आत वाकून विचारत होती की पडवळ नावाच्या मांजराला भाऊ झाला तर त्याचं काय नाव. कार निघून गेली. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

"दोडका," आतून आलं. "आता मी विचारणार. काका आहेत का तिथं?"

"आहे."

"काकू त्या दिवशी शेवटचं काय बोलल्या?"

म्हणजे उंचनं तिला सांगितलं होतं. मी उंचकडं पाहिलं. ती दोराकडं बघत होती.

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

"ठाऊक नाही चालत नाही," दोघी एकदम म्हणाल्या, एक वरून, एक खालून.

ब्रशचा आवाज येत राहिला. तिला घाई नव्हती. मी आठवून पाहिलं, त्या दिवशी ओट्यावर काय होतं. एका भांड्यात हुलगे भिजत होते.

"हुलग्याचं सार करू का, असं विचारलं असेल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हूं."

"काका."

मी स्टुलावरून उतरून गुडघे टेकले आणि संपाच्या तोंडात वाकलो. आत ओल्या सिमेंटचा थंड वास होता आणि खाली तिच्या कपाळावरचा दिवा हलत होता.

"कर," मी म्हणालो. माझाच आवाज तळाला जाऊन परत आला. "लसूण जास्त घाल. आणि मी येतो आत, एवढे वेढे भरून झाले की."